हिशेबनिसासाठी वेगळे दार

गुरुग्रामच्या एका उंच इमारतीत, सातव्या मजल्यावर, आश्विन महिना लागला की लिफ्टचे दार उघडताच भाजणीचा खमंग वास येतो. या घरातील गृहिणी मूळच्या सोलापूरकडच्या. पतीच्या नोकरीनिमित्त येथे आल्या आणि शेजारणींच्या आग्रहावरून त्यांनी दिवाळीच्या फराळाचे काम आरंभिले. आज त्यांच्या हाताखाली तीन बायका आहेत, आणि चकली, कडबोळी व अनारसे यांचे डबे द्वारका, रोहिणी, नोएडापर्यंत जातात. त्यांचे नाव येथे महत्त्वाचे नाही; आपण त्यांना वहिनी म्हणू या.

एवढ्याशा धंद्याला वस्तू व सेवा कराची नोंदणी कशाला हवी, असे आपल्या मनात येईल. दिल्लीची हद्द येथून हाकेच्या अंतरावर आहे. परंतु करपात्र मालाचा डबा ती ओलांडून पलीकडे गेला की कायद्याच्या दृष्टीने ती परराज्यातील विक्री होते, आणि मग उलाढाल थोडी असली तरी सर्वसाधारणपणे नोंदणी टळत नाही. पुण्यातील एखाद्या भगिनीला चिंचवडला डबा पाठविताना हा विचारही करावा लागत नाही. गुरुग्रामला मात्र तो पहिल्या डब्यापासून करावा लागतो. म्हणून वहिनींनी नोंदणी केली, संगणकावर हिशेबाचे सॉफ्टवेअर घेतले आणि ओळखीतून एक हिशेबनीस नेमला.

आता खरी गोष्ट. नोंदणीच्या वेळी हिशेबनीस म्हणाले, “वहिनी, तुम्हांला उगाच त्रास कशाला? माझाच मोबाईल आणि माझाच ई-मेल घालतो.” सॉफ्टवेअरसाठी त्यांनी परवलीचा शब्द मागितला. वहिनींनी आपला स्वतःचाच, मालकिणीचा, शब्द एका चिठ्ठीवर लिहून दिला. दोन वर्षे सारे सुरळीत चालले. तिसऱ्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर मेहनतान्यावरून बोलाचाली झाली आणि गृहस्थांनी फोन घेणे सोडले. विवरणपत्राची २० तारीख चार दिवसांवर आली होती. वहिनी कराच्या संकेतस्थळावर गेल्या, तर आत जाण्याचा शब्द बदललेला. नवा मागावा, तर त्यासाठी लागणारा सांकेतिक अंक, ज्याला आपण ओटीपी म्हणतो, तो जाई त्या गृहस्थांच्या फोनवर! धंदा वहिनींचा, करदाता क्रमांक वहिनींचा, त्यात गुंफलेला पॅन क्रमांकही वहिनींचाच. आणि दाराबाहेर उभ्या होत्या त्याही वहिनीच. कर देय असताना विवरणपत्र चुकले की दर दिवसाला ५० रुपये विलंबशुल्क चढते, आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज निराळे.

वाचकहो, ते गृहस्थ लबाड होते असे मी म्हणणार नाही. कराच्या रकमेत त्यांनी एका रुपयाचीही अफरातफर केली नव्हती. चूक घडली ती पहिल्याच दिवशी, सौजन्यापोटी.

अशा चुका एकट्या वहिनींच्या घरी झाल्या नाहीत. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी लागू झाल्यानंतर वर्षभरातच, नोंदणी करून देणाऱ्या मध्यस्थांनी स्वतःचाच मोबाईल व ई-मेल नोंदविला आणि आता ते प्रवेशाचा तपशील देत नाहीत, अशा तक्रारी सरकारकडे जाऊ लागल्या. त्यावर २०१८ साली केंद्रीय अर्थमंत्रालयाने एक वाट मोकळी केली. करदात्याने आपल्या विभागाच्या कर अधिकाऱ्याकडे जावे, धंदा आपलाच असल्याचे कागद दाखवावेत. अधिकारी ते तपासून नवा ई-मेल व मोबाईल नोंदवितात आणि परवलीचा तात्पुरता शब्द त्या नव्या ई-मेलवर येतो. वहिनींना ही वाट एका शेजाऱ्याने सांगितली. त्यांचे काम झाले, पण २० तारीख टळून गेल्यावर. आणि त्या आठवड्यात अनारशांच्या पिठाकडे पाहावयास कोणी उरले नव्हते.

तेव्हा हिशेबनिसाला आत घेताना त्याला आपली किल्ली देऊ नये. त्याच्यासाठी वेगळे दार करावे. आजच्या बहुतेक हिशेबाच्या सॉफ्टवेअरांत अशी सोय असते, मग ते बंगळूरूचे टॅली असो की चेन्नईच्या झोहोचे ‘बुक्स’ असो. मालक आपल्या नावाने राहतो. हिशेबनिसाला त्याच्या स्वतःच्या नावाने, त्याच्या स्वतःच्या परवलीच्या शब्दाने प्रवेश मिळतो, आणि त्याने काय पाहावे, काय लिहावे, काय पुसू नये हे मालक ठरवितो. टॅलीत यासाठी आधी सुरक्षेचे नियंत्रण चालू करावे लागते. एरवी संगणकापुढे बसणारा प्रत्येक जण मालकच ठरतो. इंटरनेटवर चालणाऱ्या सॉफ्टवेअरांत तर हिशेबनिसाच्या ई-मेलवर निमंत्रण पाठविले की काम भागते.

ही कल्पना आपल्याला परकी वाटावयाचे कारण नाही. फडणीस आणि पोतनीस ही दोन आडनावेच पाहा ना! दफ्तर आणि जमाखर्च पाहणारा एक. रोकड आणि खजिना सांभाळणारा दुसरा. लिहिणाऱ्याच्या हाती थैली नसावी आणि थैलीवाल्याच्या हाती लेखणी नसावी, ही व्यवस्था मराठी दफ्तरात इतकी मुरली होती की तिची घराणी झाली. आजच्या छोट्या धंद्यात मात्र एकाच माणसाच्या हाती कीर्द, खतावणी, बँकेचा परवलीचा शब्द आणि मालकाचा फोन असे सारे येते, आणि त्याला आपण विश्वास म्हणतो.

मग कोणाला किती द्यावे? रोजच्या पावत्या व बिले चढविणाऱ्याला नोंद करण्याचा अधिकार पुरे. मागील महिन्यातील नोंद बदलण्याची त्याला गरज नसते. विवरणपत्र भरून झाले की त्या महिन्याला कुलूप घालण्याची सोय बहुतेक ठिकाणी असते. तिचा उपयोग करावा, म्हणजे मार्चमध्ये कोणी ऑक्टोबरचे बिल हळूच बदलू शकत नाही. सनदी लेखापालाला सगळी खाती पाहता यावीत, वर्षअखेरच्या समायोजनाच्या नोंदी करता याव्यात आणि ताळेबंद काढता यावा. नवा माणूस आत घेण्याचा किंवा जुन्याला काढण्याचा अधिकार मात्र त्यालाही देऊ नये. धंदा कंपनीच्या स्वरूपाचा असेल, तर जो लेखापरीक्षक तिचे हिशेब तपासतो त्याने तेच हिशेब लिहावयाचे नसतात. २०१३च्या कंपनी कायद्याचे कलम १४४ तसे स्पष्ट सांगते. त्याला केवळ पाहण्यापुरते दार पुरे.

बँकेचे प्रकरण याहून नाजूक. हिशेबनिसाला खात्याचा उतारा हवा असतो, पैसे पाठविण्याचा अधिकार नव्हे. उतारा फाइल करून द्यावा, किंवा बँक देत असेल तर फक्त पाहण्याचा प्रवेश द्यावा. फार तर त्याने देणे तयार करून ठेवावे आणि मंजुरीचे बोट आपले असावे.

कराच्या संकेतस्थळांवरही हीच रीत सांभाळता येते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर नोंदणीकृत कर व्यावसायिकाला आपल्या वतीने काम करण्याचा अधिकार देता येतो आणि तो काढूनही घेता येतो. मालवाहतुकीच्या ई-वे बिलासाठी वेगवेगळे उपवापरकर्ते करता येतात. पण प्रत्येक ठिकाणी मोबाईल आणि ई-मेल मात्र आपलाच हवा. भाऊ, पुतण्या, हिशेबनीस, कोणाचाही नको. पहाटे तीन वाजता ओटीपी आपल्याच फोनवर आला तर झोपमोड होईल खरी. पण काहीतरी चालले आहे एवढे तरी कळेल!

येथे एक कायदेशीर बाब सांगितली पाहिजे, कारण पुष्कळ मंडळी “ते सारे हिशेबनीस बघतो” असे म्हणून निर्धास्त असतात. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ४८मध्ये असे आहे, की विवरणपत्र कर व्यावसायिकाने भरले असले तरी त्यातील तपशिलाच्या अचूकतेची जबाबदारी नोंदणीकृत व्यक्तीवरच राहते. म्हणजे नोटीस येईल ती वहिनींच्या नावे. हिशेबनीस वाईट म्हणून नव्हे, तर धंदा वहिनींचा म्हणून.

वेगळे दार केल्याचा सर्वांत मोठा लाभ वेगळाच आहे. दोघे जण एकाच नावाने आत जात असतील, तर नोंद कोणी बदलली हे संगणकाला कधीच सांगता येत नाही. दारे निराळी झाली की कोणी, कोणत्या दिवशी, किती वाजता काय बदलले हे लिहिले जाते. पूर्वी कीर्दीत खाडाखोड झाली तर शाईवरून कळे. चुकीचा आकडा आडवी रेघ मारून तसाच ठेवीत आणि शेजारी सही करीत. कराच्या नियमांतील नियम ५६ आजही नेमके तेच मागतो : नोंद पुसू नये, तिच्यावर गिरवू नये, आणि हिशेब संगणकावर असतील तर बदललेल्या व काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीची यादी राखावी. कंपन्यांसाठी तर १ एप्रिल २०२३पासून, बदलांची अशी नोंद ठेवणारे आणि ती बंद करता न येणारे सॉफ्टवेअरच वापरणे बंधनकारक झाले आहे. वहिनींचा धंदा एकटीच्या मालकीचा, तेव्हा कंपन्यांचा हा नियम त्यांना लागू नाही. तरी त्यांनी ती सोय चालू ठेवली आहे, आणि मला ते योग्य वाटते. तिचा आधार प्रामाणिक हिशेबनिसालाही असतो. उद्या काही बिघडले तर त्याचे बोट त्यात नव्हते हे त्याला दाखविता येते.

डिजिटल सहीची छोटी कांडी अनेक कंपनीमालक हिशेबनिसाच्या खणात ठेवून मोकळे होतात. ती सही म्हणजे आपली सहीच होय. तिच्या गुप्त किल्लीचा ताबा आपल्याकडे राहील अशी वाजवी काळजी घेणे हे २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने सहीच्या मालकाचेच कर्तव्य ठरविले आहे. कोऱ्या धनादेशांवर सह्या करून पुस्तक कोणापाशी ठेवाल काय?

आणखी एक. हिशेबाची प्रत आपल्यापाशी असू द्या. क्विकबुक्स हे परदेशी सॉफ्टवेअर आपल्याकडे बरेच जण वापरीत. २०२३ साली त्या कंपनीने भारतातील सेवा थांबविली आणि ग्राहकांना आपली खाती बाहेर काढून दुसरीकडे न्यावी लागली. हिशेबनीस जसा जातो, तसे सॉफ्टवेअरही जाऊ शकते. कराच्या कायद्याला मात्र वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने दफ्तर जपलेले हवे असते. महिन्याला एकदा प्रत काढून वेगळ्या जागी ठेवावी. टॅलीच्या व्हॉल्टला परवलीचा शब्द घातला असेल, तर तो कागदावर लिहून घरच्या कपाटात कुलपात ठेवावा, कारण तो विसरला तर आतले हिशेब परत मिळत नाहीत.

वहिनींकडे आता नवे हिशेबनीस आहेत, जुन्या गुडगावातील एक तरुण सनदी लेखापाल. पहिल्या भेटीत वहिनींनी चहा पुढे केला आणि जरा संकोचाने म्हणाल्या, “माझा शब्द मी देणार नाही हं. तुमच्यासाठी निराळे नाव केले आहे.” तो हसला आणि म्हणाला, “मी तेच सांगणार होतो.” दर शनिवारी दुपारी बायका जेवावयास बसल्या की वहिनी बदलांची यादी उघडतात. मागच्या खेपेस त्यांना रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी काढून टाकलेली एक नोंद दिसली. त्यांनी फोन केला.

“पुठ्ठ्याच्या खोक्यांचे बिल दोनदा चढले होते,” पलीकडून उत्तर आले, “एक काढले.”

वहिनींनी फाइल काढली. बिल एकच होते. त्यावर त्यांनी पेन्सिलीने बरोबरची खूण केली आणि हात धुऊन पुन्हा चकलीच्या सोऱ्याकडे वळल्या.