ज्वारीचा केक

आठ वर्षांची ती मुलगी पाच वर्षांच्या मुलीएवढी दिसत असे. पोट किंचित पुढे आलेले, हातपाय काटकुळे, हिमोग्लोबिन सात. लोहाचे औषध वर्षभर देऊनही ते आठाच्या पुढे सरकत नव्हते. नंदुरबार जिल्ह्यात असे फिकट मूल समोर आले की डॉक्टरच्या मनात पहिला संशय सिकलसेलचा येतो आणि तो यायलाच हवा. परंतु तिची ती तपासणी निर्दोष निघाली. जंतांचे औषध देऊन झाले होते. अखेर रक्तातील टीटीजी नावाच्या प्रतिपिंडाची तपासणी केली. ती फार वाढलेली आढळली. मोठ्या शहरात दुर्बिणीने आतड्याचा तुकडा काढून पाहिल्यावर निदान पक्के झाले: सिलियाक रोग. गव्हातील ग्लूटेन हे प्रथिन तिच्या आतड्याला सोसत नव्हते.

या रोगावर गोळी नाही. गहू, जव आणि त्यांपासून झालेले सर्व पदार्थ जन्मभर वर्ज्य करणे हाच उपचार होय. मी तिच्या आईला समोर बसवून काय चालेल आणि काय चालणार नाही हे सविस्तर सांगितले. तिने सारे शांतपणे ऐकून घेतले आणि उठताना विचारले, “डॉक्टरसाहेब, सगळं समजलं. पण पुढच्या महिन्यात तिचा वाढदिवस आहे. केक कशाचा करू?”

मी निरुत्तर झालो. “केक नसला तर काय बिघडते?” असे म्हणणे सोपे होते. परंतु आज ब्राह्मणपुरीसारख्या गावातही वाढदिवस म्हणजे केक हे समीकरण इतके घट्ट बसले आहे, की ज्या मुलीला वर्गातल्या प्रत्येकीच्या घरी नुसते बघत बसायचे आहे, तिला स्वतःच्या घरीही केक नाकारणे मला निष्ठुरपणाचे वाटले. म्हणून पन्नाशी ओलांडल्यावर मी केक शिकायला बसलो. त्या खटाटोपात जे हाती लागले, ते गव्हाचा केक करणाऱ्या घरांनाही उपयोगी पडेल, म्हणून आपल्यापुढे मांडतो.

माझा पहिला केक विटेसारखा झाला, दुसरा मध्यभागी खचला. पत्नीने तो पाहून एवढेच म्हटले, “औषध मिलिग्रॅममध्ये मोजता, पीठ मात्र अंदाजे घालता.” दोष नेमका तिथेच होता. भाजी अंदाजाने उत्तम होते, कारण ती चाखत चाखत सुधारता येते. केक एकदा भांड्यात ओतला की आपल्या हातून गेला. तीच वाटी भुरभुरून भरली तर तीत १२० ग्रॅम मैदा मावतो आणि दाबून भरली तर दीडशेच्या वर जातो. एवढ्या फरकाने केक कोरडा पडतो. तेव्हा वाचकहो, महागडा साचा घेण्याआधी स्वयंपाकघरातला छोटा इलेक्ट्रॉनिक तराजू घ्या. युरोपातील जुना ‘पाउंड केक’ एका साध्या हिशेबावर उभा होता: पीठ, लोणी, साखर, अंडी, प्रत्येकी एक पाउंड. चारही जिन्नस समान वजनाचे. आजही हे प्रमाण पाया म्हणून लक्षात ठेवावे आणि त्यात बदल करावेत.

केक फुगतो तो बेकिंग पावडरमुळे, असा आपला समज असतो. तो अर्धाच खरा आहे. लोणी आणि साखर फेसताना साखरेचे कण लोण्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे कोंडतात. अंडी फेटतानाही तेच होते. पावडरीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड वायू हे आधीच असलेले बुडबुडे फुगवतो, नवे फारसे निर्माण करीत नाही. म्हणून फेसण्याचा कंटाळा करून पावडर दुप्पट घातली की केक भसकन वर येतो आणि तितक्याच झटक्याने खाली बसतो. सव्वाशे ग्रॅम पिठाला एक सपाट चहाचा चमचा बेकिंग पावडर पुरते. तिचा डबा जुना असेल तर चिमूटभर गरम पाण्यात टाकून पाहावी. फसफसली नाही तर टाकून द्यावी. खाण्याचा सोडा दही, ताक किंवा लिंबू यांसारख्या आंबट पदार्थासोबतच वापरावा, अन्यथा केकला साबणासारखी चव येते. रक्तदाबाच्या रुग्णांसाठी आणखी एक गोष्ट: पाच ग्रॅम सोड्यात सुमारे १.४ ग्रॅम सोडियम असते. दिवसभराची मर्यादा दोन ग्रॅम धरली, तर सोडा सढळ हाताने का घालू नये हे कळेल.

खानदेशातील उन्हाळ्याचा विचार पाककृतीच्या पुस्तकांत नसतो. लोणी फेसायला ते साधारण वीस अंश तापमानाचे, बोट रुतेल पण वितळणार नाही असे असावे लागते. आमच्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो आणि लोण्याचे तूप व्हायला पाच मिनिटेही लागत नाहीत. अशा वेळी लोण्याचा हट्ट सोडून तेलाचा केक करावा व हवा कोंडण्याचे काम अंड्यांवर सोपवावे. आरोग्याच्या दृष्टीनेही तेल उजवेच. वनस्पती तूप आणि मार्गारीन यांपासून मात्र दूर राहावे. भारतात २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा आली, हे चांगले झाले. तरीही कडक, स्वस्त चरबीत संपृक्त मेद भरपूर असतोच. केकवरची पांढरीशुभ्र ‘क्रीम’ पुष्कळदा सायीची नसते, तेलापासून केलेली असते. खऱ्या सायीची असेल तर उन्हातून मोटारसायकलवर आलेला तो केक दुसऱ्या काळजीचा विषय ठरतो. अशा क्रीममध्ये स्टॅफिलोकॉकस जंतूंची वाढ झाली की एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. समारंभाच्या रात्री एकाच घरातील चार मुले दवाखान्यात आली, तर मी आधी केकची चौकशी करतो.

भट्टीविषयी थोडेसे. वीज जाण्याची खात्री असलेल्या गावात ओव्हनवर विसंबणे धाडसाचे आहे. जाड बुडाच्या कढईत किंवा जुन्या कुकरमध्ये बोटभर जाडीचा मिठाचा वा वाळूचा थर द्यावा, त्यावर लहान तिवई ठेवावी, झाकून दहा मिनिटे तापवावे आणि मग केकचे भांडे आत ठेवावे. कुकर असेल तर रिंग आणि शिट्टी दोन्ही काढलीच पाहिजेत. हे विसरू नका. पहिली पंचवीस मिनिटे झाकण उघडू नये. पिठातील स्टार्च आणि अंड्यातील प्रथिने घट्ट होण्याआधी थंड हवा लागली की बुडबुडे आकसतात आणि केक खचतो. माझा दुसरा केक खचला तो याच उतावीळपणापायी. वरून-खालून उष्णता देण्याची कला आपल्याला परकी नाही. कोकणातील धोंडस पूर्वी झाकणावर निखारे ठेवूनच भाजत. काकडी, गूळ आणि तांदळाचा रवा यांचा तो केकच म्हणायचा, आणि विशेष म्हणजे त्यात गव्हाचा कण नसतो.

आता ज्वारीकडे वळू. गव्हाच्या केकमध्ये मिश्रण फार घोटू नये असे सांगतात, कारण घोटल्याने ग्लूटेनचे जाळे घट्ट होऊन केक चिवट होतो. परंतु त्याच जाळ्याची थोडी मदत केकला उभे राहायला लागते. ज्वारीत ते नाही, म्हणून माझी पहिली वीट. त्यावर उपाय तीन: अंडी, पिकलेली केळी आणि भिजवण. ज्वारीचे पीठ कितीही बारीक दळले तरी जिभेला रवाळ लागते. ते दह्यात अर्धा तास भिजत ठेवले की कण फुलतात आणि तो रवाळपणा पुष्कळ कमी होतो.

आमच्या घरी स्थिरावलेले प्रमाण असे: बारीक चाळलेले ज्वारीचे पीठ १५० ग्रॅम, तांदळाची पिठी ५० ग्रॅम, दही १०० ग्रॅम, सालीवर काळे ठिपके आलेली दोन केळी, दोन अंडी, साखर १०० ग्रॅम, तेल ८० मिलिलिटर, दीड चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा सोडा, चिमूटभर मीठ, वेलदोडा. दोन्ही पिठे दही आणि कुस्करलेल्या केळ्यांत भिजवावीत. अंडी आणि साखर फिकट, दाट फेस येईपर्यंत फेटावीत. हाताने दहा मिनिटे लागतात. त्यात तेलाची धार सोडून हे सारे भिजवलेल्या पिठात हलके मिसळावे. पावडर आणि सोडा अगदी शेवटी घालावा आणि मग क्षणभरही न थांबता भांडे आचेवर न्यावे, कारण वायू तयार होऊ लागलेला असतो. ओव्हनमध्ये १७५ अंशांवर चाळीस मिनिटे, कढईत मंद आचेवर पन्नासच्या आसपास. अंडी न खाणाऱ्यांनी दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात भिजवून घालावी. केक थोडा बसका होतो, चव बिघडत नाही. कच्चे मिश्रण मुलांना चाटू देऊ नये. कच्च्या अंड्यांतून आणि कच्च्या पिठातूनही जंतुसंसर्ग होतो.

शहादा तालुक्यात पपईला तोटा नाही, आणि केकमधली रंगीत टूटीफ्रूटी म्हणजे कच्ची पपईच, हे ऐकून त्या मुलीला फार गंमत वाटली. कच्च्या पपईचे बारीक तुकडे पारदर्शक होईपर्यंत उकडून साखरेच्या पाकात दिवसभर ठेवायचे आणि निथळून सुकवायचे. रंगासाठी बिटाचा रस पुरतो.

साखरेबद्दल प्रामाणिकपणे सांगतो. नेहमीच्या प्रमाणातून पाव भाग साखर कमी केली तर केकला कळतही नाही. निम्मी केली तर तो कोरडा आणि फिकट होतो, कारण ओलावा धरून ठेवणे आणि वरचा तांबूस रंग आणणे ही साखरेची कामे आहेत. वरच्या केकचे दहा तुकडे केले तर प्रत्येकात दहा ग्रॅम साखर येते. जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहणे श्रेयस्कर मानले आहे. गूळ घातल्याने मधुमेहींना केक मोकळा होत नाही. गूळही बहुतांशी साखरच. ज्वारीचा असला तरी केक हा केकच, सणासुदीचा. ज्यांना सिलियाक नाही त्यांनी फॅशन म्हणून गहू सोडण्याचेही काही कारण नाही.

मात्र मूल वाढत नसेल, वारंवार जुलाब होत असतील, रक्तक्षय औषधाला दाद देत नसेल, तर ही तपासणी करून घ्या आणि ती होईपर्यंत गहू बंद करू नका. आधीच बंद केला तर प्रतिपिंडे कमी होतात आणि रोग असून तपासणी निर्दोष येते. गहू आणि हा रोग यांचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी दाखवून दिला. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये उपासमार चालू असताना ही आजारी मुले पावाविना सुधारली आणि पाव परत मिळू लागताच पुन्हा ढासळली. १९५० च्या प्रबंधात त्यांनी आपली निरीक्षणे मांडली.

त्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी माझ्या ध्यानात आले, की ज्वारी तर गावच्या गिरणीत गव्हाच्या मागोमाग दळली जाते! पात्यांत उरलेले मूठभर गव्हाचे पीठ या मुलीला पुरेसे घातक. तेव्हा ज्वारी घरच्या मिक्सरमध्ये दळून दोनदा चाळली. बेकिंग पावडरच्या डब्यावरील घटक वाचले, कारण काहींत गव्हाचा स्टार्च असतो. हिंगातही बहुधा मैदा असतो, हेही तिच्या आईला तेव्हाच सांगितले. केक कापायला नवी सुरी आणली. आणि फेसाचे फवारे मारणाऱ्या मोठ्या मुलांना मेणबत्त्या विझेपर्यंत अंगणात थांबवले, कारण त्या डब्यांतला वायू पेट घेतो.

केक वरून तडकला होता. तिच्या आईने त्या भेगेत पपईचे लाल तुकडे बसवले. वर्षभरात मुलीचे हिमोग्लोबिन अकरावर आले आणि उंचीही सहा सेंटिमीटरने वाढली. यंदा केक तिने स्वतः मोजला. तराजूवर साखर शंभराऐवजी एकशे दहा दाखवू लागली, तेव्हा माझ्याकडे पाहून तिने दहा ग्रॅम काढून डब्यात टाकली.