वाटाणे, खत आणि योगायोगाचे माप

सांख्यिकीच्या प्राथमिक अभ्यासक्रमात सरासरी आणि प्रमाण विचलन मागे पडले की विद्यार्थ्याची गाठ काय-वर्ग चाचणी आणि प्रचरण विश्लेषण यांच्याशी पडते. दोन्ही पद्धती दिसायला निराळ्या असल्या तरी समोर दिसणारा फरक निव्वळ योगायोगाने पडण्याजोगा आहे की त्यामागे कारण शोधावे लागेल, हाच दोहोंचा प्रश्न असतो. जिथे माणसे, बिया किंवा मते नुसती मोजून गटांत टाकलेली असतात तिथे पहिली चालते. जिथे वजन, उंची किंवा उत्पन्न अशी मापे हाती असतात आणि तीन किंवा अधिक गटांच्या सरासरींची तुलना करायची असते तिथे दुसरी लागते. (‘काय’ हे ग्रीक लिपीतले अक्षर आहे, मराठीतल्या प्रश्नार्थक ‘काय’शी त्याचे साम्य योगायोगाचे असले तरी चाचणीच्या कामाला ते शोभून दिसते.)

काय-वर्गाची रीत समजण्यासाठी मेंडेलच्या वाटाण्यांइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल. ब्रनो येथील मठात ग्रेगोर मेंडेलने केलेल्या एका संकरात दुसऱ्या पिढीच्या 556 बिया मिळाल्या, त्यांपैकी 315 गोल व पिवळ्या, 101 सुरकुतलेल्या व पिवळ्या, 108 गोल व हिरव्या आणि 32 सुरकुतलेल्या व हिरव्या निघाल्या. आनुवंशिकतेच्या त्याच्या नियमानुसार हे प्रमाण 9:3:3:1 असायला हवे, म्हणजेच अपेक्षित संख्या अनुक्रमे 312.75, 104.25, 104.25 आणि 34.75. प्रत्येक गटात प्रत्यक्ष संख्येतून अपेक्षित संख्या वजा करायची, फरकाचा वर्ग करायचा, त्याला अपेक्षित संख्येने भागायचे आणि चारही भागाकारांची बेरीज घ्यायची. वर्ग केल्याने उणे-अधिक फरक एकमेकांना खोडून काढत नाहीत, तर भागाकारामुळे तीनाचा फरक तीनशेंत किरकोळ आणि तिसांत मोठा ठरतो. येथे बेरीज सुमारे 0.47 येते. एकूण 556 ठरलेले असल्याने तीन गटांचे आकडे कळले की चौथा आपोआप ठरतो, म्हणून या उदाहरणाची ‘स्वातंत्र्य-मात्रा’ तीन. आणि तीन मात्रांसाठी पाच टक्के पातळीची सीमा 7.815 असल्यामुळे, नियम नाकारण्याइतका फरक येथे मुळीच नाही.

हे गणित खुद्द मेंडेलला करता आले नसते, कारण त्याचे निधन 1884 साली झाले आणि कार्ल पिअर्सन यांनी ही चाचणी मांडली ती 1900 साली, म्हणजे मेंडेलचा विस्मृतीत गेलेला निबंध पुन्हा उजेडात आला त्याच वर्षी. दोन गुणधर्मांचा परस्परसंबंध तपासणाऱ्या, ओळी आणि स्तंभ असलेल्या तक्त्यासाठी स्वातंत्र्य-मात्रा किती धरायची याबाबत मात्र पिअर्सन यांचीच चूक झाली होती, आणि ती रोनाल्ड फिशर यांनी 1922 साली दुरुस्त केली. तेव्हा परीक्षेत तिथे गुण गमावणाऱ्यांनी फार वाईट वाटून घेऊ नये. याहून गंभीर चूक म्हणजे चाचणीत प्रत्यक्ष संख्यांऐवजी टक्केवारी भरणे, कारण त्यामुळे पन्नास जणांची आणि पाच हजारांची पाहणी एकाच तोलाची ठरते.

प्रचरण विश्लेषण हे फिशर यांचेच अपत्य. 1919 पासून ते इंग्लंडमधील रोथमस्टेड या कृषी संशोधन केंद्रात काम करत होते, आणि बटाट्याच्या वाणांवर खतांचा परिणाम तपासताना ही पद्धत त्यांनी 1923 साली वापरली. तिचे मर्म एका कल्पित उदाहरणातून दिसते. तीन खते प्रत्येकी तीन वाफ्यांना दिली आणि उत्पन्न पोत्यांत असे आले असे समजू: पहिल्या खताला 4, 5, 6, दुसऱ्याला 7, 8, 9, तिसऱ्याला पुन्हा 4, 5, 6. सरासरी 5, 8 आणि 5. आता याच सरासरी कायम ठेवून आकडे 2, 5, 8; 5, 8, 11; 2, 5, 8 असे घेतले, तर एकाच खताचे वाफे आपापसांतच इतके विसंगत होतात की खताखतांतला फरक त्यांत बुडून जातो. नजरेला जाणवणारी हीच गोष्ट फिशर यांनी भागाकारात बसवली: गटागटांमधील प्रचरण, म्हणजे वर्गांच्या रूपात मोजलेला विखुरलेपणा, भागिले गटांच्या आतील प्रचरण. पहिल्या खेपेस हे गुणोत्तर 9 येते आणि 5.14 ही पाच टक्के पातळीची सीमा ओलांडते. दुसऱ्या खेपेस ते अवघे 1 भरते. सरासरी तसूभरही हलली नाही, तरी निष्कर्ष उलटला. जॉर्ज स्नेडेकर यांनी फिशर यांच्या गौरवार्थ या गुणोत्तराला ‘एफ’ असे नाव दिले.

दोन-दोन गटांची जोडीजोडीने तुलना का करू नये, या शंकेचे उत्तर सोपे आहे: पाच टक्के पातळीवर, खरा फरक नसलेल्या वीस तुलना केल्या तर सरासरीने एक खोटा फरक हाती लागतो. एफ-चाचणी सगळ्या गटांना एकदमच तपासते. मात्र कोणता गट वेगळा हे ती सांगत नाही आणि त्यासाठी संख्याशास्त्रज्ञ टुकी यांच्या चाचणीसारखी पुढची चाचणी लावावी लागते.

काय-वर्गाचा सर्वांत तिखट उपयोग मात्र फिशर यांनी 1936 साली मेंडेलवरच केला. मेंडेलच्या सगळ्या प्रयोगांचे मूल्य एकत्र केल्यावर 84 मात्रांना अवघे 41.6 भरले, म्हणजे आकडे नियमाशी इतके तंतोतंत जुळत होते की एवढी जुळणी योगायोगाने लाखात जेमतेम सात वेळा घडावी. अपेक्षित उत्तर माहीत असलेल्या एखाद्या मदतनिसाने मोजणीत हातचलाखी केली असावी, असा तर्क फिशर यांनी मांडला, आणि त्यावरचा वाद अभ्यासकांनी पुढे कित्येक दशके चालू ठेवला.