अ‍ॅम्बॅसेडरचं इंजिन, अलिबागची रोडस्टर

अलिबागच्या चिंकारा मोटर्सची दोन आसनी रोडस्टर कॉलिन चॅपमनच्या १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या धर्तीवरची. नळ्यांचा सांगाडा, त्यावर फायबरग्लास, आणि पक्कं छप्पर नाहीच. इंजिन मात्र ओळखीचं: अ‍ॅम्बॅसेडरमध्ये बसायचं ते इसुझूचं १.८ लिटर पेट्रोल. तिथे ते टनाहून जड धूड ओढायचं. इथे ओझंच कमी, म्हणून तीच ताकद थेट पाठीत जाणवते. गाडी हलकी असली की ब्रेक लवकर लागतो, वळणही चपळ घेता येतं. कोकणातल्या जुलैत मात्र ही हौस भिजवणारीच.