भूगर्भातील पाण्याचा विद्युत्-शोध

विहीर खणायची किंवा बोअर घ्यायचे ठरले की आपल्या कळवण तालुक्यात पाणाड्याला बोलावणे जाते. त्याच्या तळहातावरचा नारळ उभा राहिला की जागा ठरते. बोअर कोरडे गेले, तर कर्ज मात्र शेतकऱ्याच्या माथी उरते. म्हणून याबाबतीत विज्ञान काय सांगते, ते आपण कला शाखेच्या विद्यार्थ्यांनीही समजून घेतले पाहिजे.

आपल्या पायाखाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थरावर थर आहेत. हा अखंड काळा पाषाण पाणी धरीत नाही. पाणी असते ते मुरमात, सच्छिद्र मांजऱ्यात, भेगांत आणि दोन थरांच्या सांध्यात. म्हणूनच एका शेतात भरलेली विहीर आणि बांधापलीकडे कोरडा खडक, असे घडते.

कोरड्या पाषाणातून वीज सहजी वाहत नाही; ओल्या, भेगाळलेल्या खडकातून वाहते. शोधाचे सारे मर्म यात आहे. पहिल्या पद्धतीत जमिनीत चार खुंट्या एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडतात व आतल्या दोहोंमधील विद्युत्-दाब मोजतात. बाहेरच्या खुंट्या जसजशा दूर न्याव्यात, तसतसा अधिक खोलीचा अंदाज येतो.

दुसऱ्या, विद्युत्-चुंबकीय पद्धतीत खुंट्या लागत नाहीत. तारेच्या वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला, की फॅरडेने १८३१ साली दाखविलेल्या नियमानुसार जमिनीत क्षीण प्रवाह उत्पन्न होतात. ते किती वेगाने विझतात, यावरून खालच्या थरांचा बोध होतो. हे वेटोळे हेलिकॉप्टरला टांगूनही नेता येते. केंद्रीय भूजल मंडळ व हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेने नागपूर जिल्ह्यातील चंद्रभागा पाणलोटात असे सर्वेक्षण केले आहे.

परंतु यंत्र पाणी पाहत नाही, केवळ विद्युत्-रोध मोजते. दोन लाव्हाथरांमधील तांबड्या मातीचा थरही वीज सहज वाहू देतो. मात्र त्यातून विहिरीला पाणी मिळत नाही. म्हणून आकड्यांना आसपासच्या विहिरींच्या निरीक्षणाची जोड द्यावी लागते. १९७२ साली स्थापन झालेली भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात हे काम करते.

शिवाय, जागा सापडली तरी पाणी निर्माण होत नाही. डोंगरउतारावरचा पाऊस जमिनीत मुरला, तरच ते खाली असणार. शोधाइतकेच जिरवणेही महत्त्वाचे, हे आपण गावोगावी सांगितले पाहिजे.