पहिल्या अनुभवाचा खर्च कोणी सोसावयाचा?

संगणकशास्त्राची पदवी प्रथम श्रेणीत मिळविलेला एक माजी विद्यार्थी परवा भेटावयास आला. वर्षभर तो पुण्यात खोली घेऊन नोकरी शोधीत आहे. बहुतेक जाहिरातींत ‘किमान दोन वर्षांचा अनुभव’ ही अट. अनुभव नाही म्हणून नोकरी नाही आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही! लासलगावच्या बाजारात कांदा विकून वडील खोलीचे भाडे व खासगी वर्गाची फी भरीत होते. आता तेही थकले आहेत.

‘मुलांना काही येत नाही’ असे म्हणून उद्योजक मोकळे होतात. यात आमच्या अभ्यासक्रमांचा दोष आहेच. तथापि, मूळ प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. जे कौशल्य कोणत्याही कंपनीत उपयोगी पडते, ते शिकविण्याचा खर्च कंपनी स्वतः सोसत नाही, कारण शिकलेला माणूस उद्या प्रतिस्पर्ध्याकडे जातो. हे गॅरी बेकर यांनी १९६४ साली आपल्या ग्रंथात मांडले. संगणकाचे कौशल्य नेमके असेच आहे. साहजिकच प्रत्येकाला दुसऱ्याने घडविलेला माणूस हवा असतो आणि घडविण्याचा भार अखेर शेतकरी बापावर पडतो.

यावर उपाय नाही, असे नव्हे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने प्रशिक्षणाची जबाबदारी उद्योगांवर टाकली. १९७३ मध्ये अभियांत्रिकीचे पदवीधर व पदविकाधारक आणि २०१४ मध्ये इतर पदवीधरही त्याच्या कक्षेत आले. २०१९ च्या नियमांनुसार ३० वा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांनी मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले. आमच्याच तालुक्यातील ओझरच्या विमान कारखान्यात शिकाऊ उमेदवार घेतले जातात. जेथे एका चुकीने विमान कोसळू शकते तेथे नवशिक्यास शिकविता येते, मग संगणकापुढे बसवून शिकविणे अशक्य कसे?

याच निफाडात १८४२ साली जन्मलेल्या न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ मध्ये डेक्कन कॉलेजातील व्याख्यानात, पाश्चात्त्य अर्थशास्त्राचे सिद्धान्त भारतास जसेच्या तसे लागू पडत नाहीत, असे बजाविले होते. बाजार आपोआप जे करीत नाही, ते कायद्याने करवून घ्यावे लागते. प्रत्येक कंपनीने किती शिकाऊ उमेदवार घेतले, हे शासनाने दरवर्षी जाहीर करावे. विद्यापीठांनीही पदवीचे अखेरचे सत्र अशा उमेदवारीसाठी राखून ठेवावे. तोवर आमच्या मुलांना नालायक ठरविण्याचा अधिकार कोणासही नाही.