उंच गाडी, मोठे टायर, वर स्नॉर्कल… तरीही मालाडच्या सबवेत गाडी का अडकते? ऑफरोड मॉडिफिकेशनचं गणित समजून घ्या

१ जुलै २०१९ ची रात्र. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ३७५ मिमी पाऊस नोंदला गेला. २६ जुलै २००५ नंतर मुंबईने एका दिवसात एवढा पाऊस पाहिला नव्हता. त्याच रात्री मालाड पूर्वेला कुरारमध्ये भिंत कोसळून अनेकांचा जीव गेला. त्या मोठ्या बातमीच्या आड एक छोटी बातमी राहून गेली. मालाडच्या सबवेत साचलेल्या पाण्यात एक एसयूव्ही अडकली, दारं उघडली नाहीत आणि आतल्या दोघांचा बुडून मृत्यू झाला.

ती गाडी मॉडिफाय केलेली नव्हती. तरी तिची आठवण काढण्याचं कारण आहे. दर पावसाळ्यात रील्सवर तोच प्रकार दिसतो. उंच केलेली जीप किंवा थार, जाडजूड टायर, छतापर्यंत गेलेला काळा पाइप आणि बोनेटवर उडणारं पाणी. खाली कमेंट ठरलेली, 'आपली गाडी कुठेही जाते.'

खरंच जाते का? आणि घरच्या गाडीची 'जंगल गाडी' करायची किंवा पाइप वेल्ड करून बग्गीच बांधायची, तर नेमकं काय बदलतं?

आधी पाण्याचं बोलू

२०२० मध्ये आलेल्या नव्या थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिमी आहे आणि कंपनीने पाण्यातून जाण्याची मर्यादा ६५० मिमी दिली आहे. म्हणजे साधारण मांडीपर्यंत पाणी. हा आकडा सावकाश चालवताना, तळ माहीत असलेल्या आणि न वाहणाऱ्या पाण्यासाठी असतो. सबवेत यातली एकही अट पाळली जात नाही. मध्यभागी किती खोल आहे ते वरून दिसत नाही, आणि उतारावरून एकदा गाडी खाली गेली की मागे घेणं सोपं नसतं.

आता एक ढोबळ हिशेब. गाडीची लांबी सुमारे चार मीटर, रुंदी पावणेदोन मीटरच्या थोडी पुढे. तळ झाला साधारण सात चौरस मीटर. फ्लोअरच्या वर पाणी १० सेंटिमीटर चढलं की गाडीने सुमारे ७०० लिटर पाणी बाजूला सारलेलं असतं, म्हणजे तिचं ७०० किलो वजन पाण्याने उचललेलं असतं. थारचं वजन पावणेदोन टनांच्या आसपास. चाकांच्या कमानी आणि फटी वजा केल्या तरी, आत पाणी शिरायच्या आधी २५-३० सेंटिमीटरमध्ये चाकांवरचा भार जवळपास संपतो. चाकं जमिनीला नुसती टेकलेली असतात, पकडत नाहीत. मग फोर बाय फोर असो वा एट बाय एट, काही फरक पडत नाही. मोठ्या टायरमध्ये हवा जास्त, त्यामुळे ते उलट तरंगायला मदतच करतात.

दाराचंही असंच. एक मीटर रुंद दारावर बाहेरून अर्धा मीटर पाणी असेल तर ते सुमारे सव्वाशे किलोच्या जोराने दार दाबून धरतं. पॉवर विंडोची वायरिंग भिजली तर काचही खाली येत नाही. म्हणून पाणी खिडकीपर्यंत यायच्या आत काच उतरवून बाहेर पडणं, आणि ते नाही जमलं तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टोकदार वस्तूने मारणं, हे दोनच मार्ग उरतात. पुढच्या काचेवर मारण्यात वेळ घालवू नका. ती दोन थरांची असते, तडकते पण सुटत नाही.

मग स्नॉर्कल कशासाठी?

इंजिनला हवा लागते. ती हवा बोनेटखालच्या तोंडातून न घेता छताच्या उंचीवरून घ्यायची, एवढंच स्नॉर्कलचं काम. धुळीच्या रस्त्यावर ताफ्यात मागे चालवताना त्याचा खरा उपयोग होतो, कारण वरची हवा जरा स्वच्छ असते.

पाणी इंजिनात गेलं तर काय होतं? पिस्टन वर येताना हवा दाबतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन अडतो, पण क्रँक फिरत राहतो. मधला कनेक्टिंग रॉड वाकतो, कधी ब्लॉक फोडून बाहेर येतो. याला हायड्रोलॉक म्हणतात. गाडी पाण्यात बंद पडली की बहुतेक जण पहिलं काम करतात ते म्हणजे पुन्हा स्टार्टर मारणं. नेमकं तेच करायचं नसतं. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' हे कव्हर वेगळं घ्यावं लागतं. बुडालेलं इंजिन पुन्हा चालू करायचा प्रयत्न केला असेल तर तिथेही वाद होतो.

आणि स्नॉर्कल बसवलं म्हणून बाकी गाडी जलरोधक होत नाही. अल्टरनेटर, सेन्सर, ईसीयूची जोडणी, सीटखालची वायरिंग सगळं तसंच उघडं राहतं. गंमत म्हणजे पाइप बसवताना एक जोड नीट सील झाला नाही, तर तो पाणी खेचण्याचा नवा रस्ता बनतो. रस्त्यावर दिसणारी कित्येक स्नॉर्कल नुसती शोभेची असतात, आत कुठेही जोडलेली नसतात. एका अर्थी ती निरुपद्रवी, फक्त मालकाला ते माहीत हवं.

लिफ्ट किट आणि मोठे टायर: किती मिळतं, किती जातं?

सर्वात जास्त पैसा इथे जातो आणि सर्वात जास्त गैरसमजही इथेच आहेत.

ज्या गाड्यांना सलग एक्सल असतो, तिथे सस्पेन्शन कितीही उंच केलं तरी एक्सलच्या मधला डिफरन्शियलचा गोळा जमिनीपासून होता तेवढ्याच उंचीवर राहतो. स्प्रिंग एक्सलच्या वर असते, ती बॉडी उचलते. गोळा उचलायचा तर मोठा टायर हवा. तिथेही निम्माच फायदा मिळतो. २५५/६५ आर १८ हा टायर सुमारे ३१ इंच व्यासाचा. तो काढून ३३ इंची लावला तर वाढ दोन इंचांची, पण खालून मिळाला एकच इंच. उरलेला इंच टायरच्या वरच्या बाजूला गेला.

या एका इंचासाठी काय मोजायचं? चाक मोठं झालं, त्यामुळे एका फेरीत गाडी जास्त अंतर जाते. स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ६४ च्या आसपास असते. गिअरिंग उंच झाल्यामुळे चढावर ताकद कमी पडते. जड चाक थांबवायला ब्रेक तेच जुने. रिम बाहेर काढली असेल तर व्हील बेअरिंगवर आडवा भार येतो. गाडी उंच झाल्याने गुरुत्वमध्य वर सरकतो आणि लिंक रोडवर अचानक स्टिअरिंग कापलं तर ती पूर्वीपेक्षा लवकर कलंडते. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढला की त्याचे जोड कुरकुरू लागतात.

पुढे दुरुस्ती निघते ती याच क्रमाने. आधी बुश, मग बॉल जॉइंट, मग बेअरिंग, मग शाफ्टचे क्रॉस. गॅरेजवाला प्रत्येक वेळी एक पार्ट बदलून देतो. मूळ कारण टायरमध्ये आहे हे कोणी सांगत नाही, कारण टायर आवडीने घेतलेले असतात.

खरं तर खडकाळ वाटेवर उंचीपेक्षा जास्त कामाचा असतो डिफरन्शियल लॉक. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. एक चाक हवेत लटकलं की त्याला फिरायला काहीच जोर लागत नाही, मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळपास शून्य जोर मिळतो. एक चाक गरगर फिरतं, गाडी जागची हलत नाही. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्र फिरतात. वळणाच्या डांबरी रस्त्यावर मात्र तो काढावाच लागतो.

वाळूतला फुकटचा उपाय

मालाडला किनाऱ्यांची कमी नाही. मार्वे, अक्सा, एरंगळ, मढ. अक्साची वाळू वरून कडक दिसते, खाली ओली आणि सैल असते. भरती-ओहोटीत साधारण सहा तासांचं अंतर. ओहोटीला उतरवलेली गाडी रुतली की घड्याळ सुरू होतं. रुतलेल्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहिलं तर चाकं स्वतःचाच खड्डा खणतात आणि गाडी पोटावर बसते.

इथे सर्वात उपयोगी बदल फुकट आहे, टायरमधली हवा कमी करणं. ३०-३२ पीएसआयवरून १८ च्या आसपास आणलं की टायर लांबट पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं आणि तो वाळूवर चालतो, खणत नाही. डांबरी रस्त्यावर परतण्याआधी हवा पुन्हा भरायची, नाहीतर टायर तापून फुटू शकतो. सोबत फावडं, चाकाखाली द्यायला फळी आणि टो हुकला नीट अडकणारा शॅकल हवा. ओढताना दोरीच्या रेषेत कोणी उभं राहू नये. तुटलेली दोरी किंवा उडालेला हुक माणूस मारू शकतो.

पण तिथे गाडी न्यावी का, हा वेगळा प्रश्न. किनाऱ्यावर लोक फिरतात, मुलं खेळतात. गोव्यात किनाऱ्यावर गाडी चालवणं कायद्याने गुन्हाच आहे, आणि मुंबईतही निष्काळजीपणे वाहन चालवल्याची कलमं लागतात. पूर्वेला राष्ट्रीय उद्यान आहे, पण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तिथे परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. आरेतली ८१२ एकर जमीनही २०२० मध्ये राखीव वन म्हणून जाहीर झाली. थोडक्यात, मालाडमध्ये गाडी बांधता येते, चिखलात घालायला बाहेरच जावं लागतं. महिंद्राने इगतपुरीजवळ ऑफरोड ट्रेनिंग अकॅडमी उभारली ती याच गरजेतून. खासगी जमिनीवरच्या आयोजित ट्रॅकवर किमान ओढून काढणारा असतो.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२. उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलात आणि आरसीवरच्या नोंदीत फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ बदललं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. सीएनजी किट, रंग बदलणं, त्याच बनावटीचं इंजिन परवानगीने बदलणं यासाठी आरटीओची वाट आहे. पुढचा लोखंडी बुल बार मात्र चालत नाही. डिसेंबर २०१७ मध्येच केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं होतं. पादचाऱ्याला तो जास्त इजा करतो आणि धडकेचा धक्का सरळ चासीला देतो.

दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा. अपघातानंतर सर्व्हेयरने न कळवलेला बदल नोंदवला की क्लेम अडतो.

आणि स्वतः बांधलेली बग्गी?

ती रस्त्यावर येऊच शकत नाही. चाचणी आणि मान्यता नसलेल्या वाहनाची नोंदणी होत नाही. ती टेम्पोत घालून ट्रॅकवर न्यायची.

पण बांधायचीच तर नियम कुठून घ्यायचे? बाहा एसएई इंडिया या स्पर्धेचे. २००७ पासून इंजिनीअरिंगचे विद्यार्थी त्यात एका माणसाची बग्गी बांधून उतरतात, मुंबईतल्या कॉलेजांचे संघही असतात. बरीच वर्षं सगळ्यांना एकसारखंच दहा अश्वशक्तीच्या आसपासचं छोटं इंजिन दिलं जायचं, म्हणजे ताकदीपेक्षा बांधणीची परीक्षा. रोल केजच्या पाइपमध्ये किमान ०.१८ टक्के कार्बन हवा ही अट आहे. फर्निचरच्या पाइपवर ती पूर्ण होत नाही. शिवाय अनेक बिंदूंनी बांधणारा हार्नेस, हात बाहेर जाऊ नयेत म्हणून पट्टे, इंजिन आणि चालक यांच्यात फायरवॉल, आणि आतून-बाहेरून दाबता येणारे किल स्विच. शेवटी चार तासांची एन्ड्युरन्स शर्यत. बहुतेक बग्ग्या तिथेच मोडतात, आणि मोडतात त्या वेल्डिंगच्या शेजारी.

चिखलातून परत आल्यावर

दुरुस्तीचा खर्च वाचतो तो इथे. तापलेला एक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत खेचलं जातं. दुसऱ्या दिवशी डिफरन्शियलचा फिलर प्लग उघडून बघा. ऑइल दुधाळ, चहाच्या रंगाचं दिसलं तर लगेच बदला, नाहीतर गिअर आणि बेअरिंग दोन्ही जातात. ब्रीदरची नळी वरपर्यंत वाढवून घेणं हा काहीशे रुपयांचा बदल आहे. स्नॉर्कलच्या आधी तो करावा.

खारं पाणी लागलं असेल तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवा. चासीच्या पोकळ भागात पाइप घालून आतूनही धुवा. ब्रेकच्या पिना साफ करून ग्रीस लावा. ओली गाडी रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, सकाळी शू ड्रमला चिकटलेले सापडतात. गिअरमध्ये ठेवा आणि चाकामागे वीट लावा. एअर फिल्टर काढून हाताने बघा. तो ओला असेल तर गाडी सुरू करू नका, टोइंग व्हॅनला फोन करा.