सात टक्के आणि दोन टक्के

पृथ्वीभोवतीच्या हवेत या क्षणी जेवढी वाफ आहे ती सगळी एकदम खाली उतरवली, तर जमीन आणि समुद्र मिळून सर्वत्र जेमतेम २५ मिलिमीटर पाणी साचेल. बोटाचं एक पेर बुडेल एवढंच. जगाचा वर्षभराचा सरासरी पाऊस मात्र १,००० मिलिमीटरच्या आसपास आहे. म्हणजे हा साठा वर्षातून चाळीसेक वेळा रिता होतो आणि पुन्हा भरतो. एकदा वर गेलेलं पाणी साधारण नऊ दिवस हवेत राहून खाली येतं. हवा तापल्याने पावसाचं काय होतंय, हे समजून घ्यायला या नऊ दिवसांच्या हिशेबासारखी दुसरी चांगली वाट मला माहीत नाही.

तापमान १ अंश सेल्सिअसने वाढलं की हवेत सुमारे ७ टक्के जास्त वाफ मावते. हे गणित जुनं आहे. क्लापेरॉन या फ्रेंच अभियंत्याने १८३४ मध्ये त्याची मांडणी केली आणि पुढे जर्मनीच्या क्लाउसियसने ते पक्कं केलं. वाफ स्वतःही उष्णता धरून ठेवते, त्यामुळे कार्बन डायऑक्साइडने दिलेली ऊब ती आणखी वाढवते.

वाफ ७ टक्क्यांनी वाढली, तर पाऊसही ७ टक्क्यांनी वाढायला हवा, असं कुणालाही वाटेल. तसं होत नाही. जगाचा एकूण पाऊस दर अंशामागे १ ते ३ टक्केच वाढतो. आपण २ धरू. या लेखातली सगळी गोष्ट या ७ आणि २ मधल्या फरकात आहे.

पाऊस पडतो तेव्हा वाफेने समुद्रातून उचललेली उष्णता वर ढगात मोकळी होते. तिचा आकडा मोठा आहे. एक चौरस किलोमीटरवर फक्त १ मिलिमीटर पाऊस पडला, तर १० लाख लिटर पाणी झालं; तेवढ्या वाफेचं पाणी होताना सुमारे ७ लाख युनिट विजेइतकी उष्णता बाहेर पडते. ही उष्णता शेवटी अवकाशात जायला हवी. ती बाहेर टाकण्याची हवेची क्षमता मात्र तापमानाबरोबर सावकाशच वाढते. वाफ कितीही साठली तरी एकूण पावसाला ही मर्यादा पडते. मग वाफ हवेत आणखी काही तास जास्त थांबते, आणि तिला उतरायची संधी मिळते तेव्हा एकदम उतरते. मोकळी झालेली उष्णता ढगाला आणखी वर रेटते, ढग आजूबाजूची दमट हवा स्वतःकडे ओढून घेतो. एका तालुक्यात मुसळधार, शेजारच्या तालुक्यात कोरडं. जिथे पाऊस कोसळतो तिथे तो ७ टक्क्यांच्या नियमाने वाढतो, कधी त्याहूनही जास्त. एकूण बेरीज मात्र २ टक्क्यांवर ठेवायची, तर उरलेले दिवस कोरडे जाणं भाग आहे.

आपल्याकडेही याचा पुरावा मिळाला. हवामानशास्त्रज्ञ बी. एन. गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी मध्य भारताच्या १९५१ ते २००० या काळातल्या नोंदी तपासल्या आणि २००६ मध्ये निष्कर्ष मांडले. दिवसाला १०० मिलिमीटरहून जास्त पावसाच्या घटना वाढल्या, मध्यम पावसाच्या घटल्या, आणि हंगामाच्या सरासरीत म्हणावा असा फरक नव्हता. सरासरी शांत दिसत होती कारण दोन उलटे बदल तिच्यात एकमेकांना झाकत होते. पुण्यात पाषाणला असलेल्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि त्यांना वाफ पुरवण्यात अरबी समुद्राचा मोठा वाटा आहे.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला सत्तरेक. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर नोंदला गेला. चिपळूण बुडालं, महाडजवळचं तळिये दरडीखाली गेलं. असा एकेक दिवस थेट तापमानवाढीच्या नावावर टाकता येत नाही. पण असे दिवस घडवणारा कच्चा माल वाढतोय, हे निश्चित.

कोरड्या दिवसांची बाजू बातम्यांत कमी येते आणि मला तीच जास्त छळते. तापलेली हवा जास्त वाफ मागते, आणि ही मागणी जमिनीकडूनही वसूल होते. पावसाचा खंड पूर्वीइतक्याच दिवसांचा असला तरी माती आता लवकर वाळते, तलाव लवकर आटतो. त्यात जमीन समुद्रापेक्षा वेगाने तापते. समुद्रावरून येणारी वाफ त्या वेगाला पुरी पडत नाही. मराठवाड्यातल्या कोरडवाहू सोयाबीनला हवी असते ती संथ झड. तासाभरात १०० मिलिमीटर पडले तर जमीन ते पिऊ शकत नाही. पाणी ओढ्याला जातं, सोबत वरची माती नेतं. चार दिवस वाफसा येत नाही आणि पुढच्या पंधरा दिवसांत पीक माना टाकतं. हंगामाच्या शेवटी तालुक्याची नोंद सांगते: सरासरीच्या १०२ टक्के.

या चक्राची जगभरची नोंद समुद्राच्या खारेपणात उमटते. जिथे बाष्पीभवन जास्त तो समुद्र खारट, जिथे पाऊस आणि नद्या तो अळणी. आपले दोन्ही शेजारी याचं चांगलं उदाहरण आहेत: अरबी समुद्रातून उठलेलं पाणी सह्याद्रीवर पडतं आणि गोदावरी-कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जातं. पॉल ड्युराक आणि सहकाऱ्यांनी जगभरच्या अशा मोजमापांवरून २०१२ मध्ये दाखवलं, की १९५० ते २००० मध्ये खारट भाग आणखी खारट, अळणी भाग आणखी अळणी झाले. जलचक्र सुमारे ४ टक्क्यांनी तीव्र झालं.

आपली मोजमापं अजून जुन्या पावसाची आहेत. मुंबईची जुनी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेली. नंतरच्या आराखड्यात तो आकडा ५० केला गेला. गटाराला तासाचा पाऊस समजावा लागतो, तसा शेतकऱ्याला दोन पावसांमधला काळ. हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तो पावसाचा दिवस धरतं, म्हणजे मोजणी होतेच आहे. मग दर आठवड्याच्या जिल्हावार बातमीत सरासरीच्या टक्क्यांशेजारी पावसाचे दिवस किती झाले आणि सगळ्यात मोठा खंड किती दिवसांचा पडला, हे दोन आकडे छापायला सुरुवात करावी. दुबार पेरणीचा आणि पीकविम्याचा निर्णय घेणाऱ्याला त्यांचाच उपयोग आहे.